घडवंचीवरचा गडवा

“घे वं माय, ठोकून पाह्य. भांडं कसं हाय, ते त्याचा आवाजच सांगते.”

मित्रांनो, माझ्या कानावर पडलेले हे पहिले बोल. आदिलाबादच्या बाजारात एका तांबटाने मला टिचकी मारली आणि माझ्या पोटातून टण्ण असा नाद उठला, तेव्हाचे. समोर उभी होती बयनाबाई, जैनथकडच्या एका खेड्यातली शेतमजूर बाई. लेकीच्या लग्नाला भांडं घ्यायला आली होती. कापूस वेचून चिरलेल्या बोटांनी तिने मला उचललं, कानाशी धरलं आणि म्हणाली, “हाच दे. अन् नाव घालजो.”

तांबटाने टाचणीएवढे ठिपके ठोकत माझ्या गळ्याखाली नाव घातलं : ‘रुख्मिणीस, आईकडून’. तेव्हापासून मी या घरचा पितळी गडवा, म्हणजे पाण्याचा तांब्या, आहे. अडतीस वर्षं झाली.

रुख्मिणीबाईंच्या घरात माझी जागा घडवंचीवर, म्हणजे माठ ठेवायच्या लाकडी चौकटीवर, माठाच्या कुशीत. सकाळी मला भरताना बाई गुणगुणायच्या :

माठाच्या गं गारव्याला पितळेचा गं शेजार,
येणाऱ्याले पाणी आधी, मंग पुसू समाचार.

त्यांचे यजमान रामाजी गुरुजी गावच्या शाळेत मास्तर होते. शाळेतून घामेजून आले की आधी मी, मग चहा. त्यांचा मुलगा हर्षदीप तापाने फणफणला, तेव्हा रात्रंदिवस मी त्याच्या उशाशी होतो. मग फ्रिज आला, रंगीत बाटल्या आल्या आणि मी माळ्यावर गेलो. अकरा वर्षं काळाठिक्कर पडून होतो. पाली माझ्या पोटात अंडी घालून गेल्या. हर्षदीप नोकरीला हैदराबादला गेला, घर रिकामं झालं आणि एके दिवशी बाईंनीच शिडी लावून मला खाली काढलं. “फ्रिजचं पाणी घशाले लागते,” एवढंच म्हणाल्या.

आता ऐका, यंदाच्या कापूस वेचणीच्या दिवसांत काय झालं ते.

हर्षदीपचा फोन आला. “आई-बाबा, आता इकडंच या. नऊ दिवसांनी टेम्पो ठरवला हाय.” गुरुजींनी बाईंना विचारलं, “काय वं, तुले काय वाटते?” बाई ज्वारी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “बरं.” गुरुजींनी संध्याकाळी पुन्हा विचारलं. “तुमचं ठरलं तेच माझं,” बाई म्हणाल्या आणि हसून पुढे, “तिथं मात्र तेलुगूत नीळ्ळू म्हणा लागन. पाणी म्हटलं तं कोणी पाणी नाही देत!”

गुरुजी हसले नाहीत. घडवंचीकडे बघत बसले. नव्या घरात ना माठाला जागा होती ना घडवंचीला. तेव्हाच त्यांनी ठरवलं. हा कोपरा फोटोत धरायचा, मोठा करून तिथल्या भिंतीवर लावायचा. बाईंना त्या घरात परकं वाटू नये म्हणून. हर्षदीपचा जुना कॅमेरा कपाटात होता. आजवर गुरुजींनी त्याला हातही लावला नव्हता. पण चाळीस पोरांना पाढे पाठ करायला लावणारा माणूस तो! हाती घेतलं की सोडणार थोडाच.

पहिल्या दिवशी त्यांनी मला चिंच-राखेने असं घासलं, की माझं मलाच ओळखू येईना. मग माठ, मी, पेला, वाटी असे आम्हाला उंचीप्रमाणे ओळीत उभं केलं. माझं नाव बरोबर समोर वळवलं. फ्लॅश असा कडाडला की डोळे दिपले.

बाई दारातून बघत होत्या. “अहो, भांडे प्रार्थनेले उभे केले काय? आता हजेरी घ्या अन् वर्गात पाठवा.”

“नाव दिसलं पाह्यजे न वं. तुया आईनं घातलेलं हाय.”

तुम्हाला ठाऊकच असेल, आपल्याकडे भांडं कुणाला दाखवायचं झालं की नाव समोर करूनच दाखवतात. गुरुजींचंही तेच झालं. दुसऱ्या दिवशी खाली विणलेला रुमाल आला, बाजूला प्लास्टिकची फुलं आली. बाई म्हणाल्या, “घडवंचीचं लगन हाय काय आज?”

चौथ्या दिवशी गुरुजींनी चंपतला बोलावलं. जैनथला त्याचा फोटो स्टुडिओ आहे, आणि तो गुरुजींचाच जुना विद्यार्थी. मोटारसायकल दारात लावून आला, माझ्यातलं पाणी घटाघटा प्यायला आणि कॅमेऱ्यातले फोटो मोठे करून बघू लागला.

“फोटो साफ हाय गुरुजी. पण जरा गडव्याच्या पोटात पाहा.”

गुरुजींनी चष्मा पुसून पाहिलं. माझ्या चकचकीत पोटात कॅमेरा धरलेले गुरुजी उभे होते. बनियनवर! बाई पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या, की त्यांना ठसका लागला.

“एवढा घासू नका त्याले,” चंपत म्हणाला. “फ्लॅश बंद करा, दाराचा उजेड बाजूनं येऊ द्या. उभ्यानं काढू नका, खाली बसा, गडव्याच्या डोळ्याले डोळा भिडवा. हात हलते तुमचा, कॅमेरा पुस्तकांवर ठेवा. अन् माणूस पाणी पिऊन भांडं असं ठेवते काय, नाव समोर करून?”

गुरुजींचा चेहरा उतरला. “चंप्या, तुले शुद्धलेखन म्या शिकवलं.”

“म्हणूनच सांगून राह्यलो. तुमीच म्हणत होते न, पाहून लिहा, मनचं नका लिहू.”

गुरुजींनी त्या दिवशी कॅमेरा ठेवून दिला. पण हरले नाहीत. पाचव्या दिवसापासून त्यांनी वहीत उजेडाची हजेरी मांडली. सात चाळीसला उजेड उंबऱ्यावर. आठला चुलीच्या कडेला. सव्वाआठला तो तिरपा माझ्यापर्यंत पोचतो, आणि फक्त बारा मिनिटं थांबतो. माझी दुसरी बाजू काळोखात बुडत होती, तर त्यांनी पलीकडे पांढरं धोतर टांगलं. धोतरावरून परतलेला उजेड माझ्या सावलीत हलकेच उतरला. मित्रांनो, इतक्या वर्षांत माझ्या अंगावर असा हळुवार हात कुणी फिरवला नव्हता.

तरी फोटो खोटाच येत होता. गुरुजींनी मला मुद्दाम वाकडं ठेवलं, दोन कांदे मुद्दाम घरंगळवले. वाकडं ठेवलेलंही मांडलेलंच दिसायचं.

“काऊन हो, गडव्याले ताडी पाजली काय?” बाईंनी विचारलं.

त्यांची थट्टा चालू होती आणि हातही चालूच होते. घरातलं एकेक भांडं त्या गोणपाटात बांधत होत्या. डब्यांचं फडताळ रिकामं झालं. निरांजनाचं तबक, पोळपाट, परात, सगळं गेलं. गुरुजी पुन्हा विचारायला जायचे, तर बाई म्हणायच्या, “दोरी धरा जरा, गाठ मारतो.”

आठवा दिवस उजाडला. शेवटचा. घरात न बांधलेलं उरलं होतं ते घडवंचीवरचं. गुरुजींनी स्टुलावर पाच जाडजूड पुस्तकं रचली, वर कॅमेरा ठेवला, आणि त्या सकाळी कशालाच हात लावला नाही. भिंतीला टेकून बसून राहिले.

आठ वाजून गेले. बाई अंगणातून आल्या, ओल्या हाताने माठावरचं झाकण सरकवलं, मला बुडवलं, पेल्यात पाणी ओतून प्यायल्या. कुणीतरी हाक मारली म्हणून मला घाईत घडवंचीच्या काठाशी टेकवून बाहेर गेल्या. झाकण अर्धं उघडं. पेला आडवा. माझ्या अंगावरून थेंब ओघळत होते, खाली ओलं कडं उमटलं होतं. आणि माझं नाव भिंतीकडे.

उजेड आला. गुरुजींचा हात आपोआप पुढे झाला, मला सरळ करायला, नाव फिरवायला. अडतीस वर्षांची सवय ती! माझ्या गळ्यापाशी येऊन बोटं थबकली. मग हात मागे गेला, आणि त्यांनी अगदी हळू बटण दाबलं. एकदाच.

तेवढा फोटो घेऊन ते ऑटोने जैनथला गेले.

ते गेले आणि बाई घडवंचीपाशी आल्या. मित्रांनो, हे फक्त मी पाहिलं आहे. त्यांनी मला गोणपाटात ठेवलं, काढलं, पुन्हा ठेवलं, पुन्हा काढलं.

तुम्हाला एक सांगू? आम्हाला सजवण्याआधी थोडं बघत जा. भांडं घासून लखलखीत करणं ही काळजी खरी. पण ते कुणाच्या हाताने कुठं, कसं टेकवलं जातं, हे ओळखणं त्याहून मोठी काळजी. वस्तूचं असं, तर माणसाचं काय सांगावं? कुणी ‘बरं’ म्हणालं, तर त्या ‘बरं’पाशी घडीभर बसा. उजेड यायला वेळ लागतो.

दुपारी गुरुजी परतले. वहीएवढा मोठा फोटो त्यांनी बाईंच्या मांडीवर ठेवला. बाईंनी दोरी बाजूला ठेवली. फोटोतल्या ओल्या कड्यावरून त्यांनी बोट फिरवलं, जणू ते पुसलं जाईल असं. मग अर्ध्या झाकणावरून. मग माझ्या पाठीवरून.

“यात नाव नाही आलं,” गुरुजी हळूच म्हणाले. “फिरवू काय? उद्या टेम्पो यायच्या आधी अजून एक काढतो.”

“नका फिरवू. असाच ठेवतो मी रोज.” बाईंचा आवाज भिजला होता, पण डगमगला नाही. “हे चित्र तिथं भिंतीवर लावान, अन् मी रोज त्याच्यापुढून जाईन. काऊन? खरा कोपरा तं इथं हाय, अन् मीबी इथलीच हावो.”

गुरुजी त्यांच्याकडे बघत राहिले. “मंग मी विचारलं तवा...”

“तुमी विचारलं, पण तवर पोरानं टेम्पो ठरवला होता. तुमाले लेकाची ओढ, त्याले आपली. मधात मी काय बोलू? म्हटलं, बरं.” त्यांनी मला उचलून दोन्ही हातांत घट्ट धरलं. “आता सांगतो. मले नाही जायचं. चार दिवस राहाले जाऊ, दहा दिवस जाऊ, पण घर उचलून नाही. लावा फोन हर्षदीपले. मीच सांगतो त्याले.”