देवकीच्या नाटकांतला दरवाजा

मी एक जुना दरवाजा आहे, मित्रांनो, पण माझ्यामागे घर नाही. मी रंगमंचावरचा दरवाजा. इब्रामपूरच्या रामचंद्र मेस्तांनी मला फणसाच्या लाकडातून घडवलं, ते देवकीच्या पहिल्या नाटकासाठी.

देवकी डिचोलीच्या शाळेत शिकवायची आणि सुट्टीत नाटकं लिहायची. त्यांत खून असे, संशय असे आणि भरपूर हशाही. जत्रेला तिचं ते पहिलं नाटक ठरलं, तेव्हा मंडळाचे कृष्णनाथकाका कुरकुरले.

"जत्रेत खून कित्याक गो? लोक हसतले."

"हसांदेत, काका. हसता हसताच भियेतले."

"आणि उठान गेले तर?"

"तर परत पेन हातात धरूचंय नाय," देवकी म्हणाली.

प्रयोगाला माझा हिरवा रंग पुरता वाळलाही नव्हता. खुनी झालेला सुदेश मला ढकलून आत येणार होता, पण मी चौकटीला घट्ट चिकटलो. त्याने धक्के दिले, मी हललो नाही. आत विधवेच्या भूमिकेतली सिद्धी गोठून उभी राहिली. लोक खुसखुसू लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात देवकी विंगेतून कुजबुजली, "सिद्धी, तूच उघडूक जा. सावकाश."

सिद्धी दबक्या पावलांनी आली. तिने कडीला हात लावला. पलीकडून सुदेशचा धक्का बसला आणि मी कुरकुरलो. हसू थांबलं. मग बायकांतून एक आजी ओरडली, "उघडू नको गो बाय!" पाठोपाठ सगळा मांडव ओरडू लागला. एकही माणूस उठला नाही. विंगेत देवकी हसत होती आणि डोळे पुसत होती.

दुसऱ्याच दिवशी तिने तो प्रवेश तसाच लिहून काढला. पेडणे, डिचोली, मग नाट्यस्पर्धा. टेम्पोत बांधून मी सगळीकडे फिरलो. स्पर्धेत तिला पहिलं बक्षीस मिळालं आणि चित्रपटवाल्यांनी तिला पटकथा लिहायला मुंबईला बोलावलं.

मी मात्र मांडवामागे पावसात पडून राहिलो. एक कोपरा वाळवीने खाल्ला. मला वाटलं, आता चुलीतच जाणार.

पण देवकी आली. त्याच नाटकावरचा तिचा चित्रपट पेडण्यात चित्रित होत होता. दिग्दर्शक म्हणाला, "नवा दरवाजा करू या."

"ह्यो नसलो तर पटकथाय नाय," तिने ठणकावलं.

चित्रपट लागला. पडद्यावर लेखिका म्हणून तिचं नाव उमटलं, तेव्हा पहिली टाळी कृष्णनाथकाकांची होती.

मित्रांनो, नाटक संपलं की आम्हाला उघड्यावर टाकू नका. पुसा, कोरड्या जागी उभं करा. देवकीचं नवं नाटक तयार आहे. त्यातला खुनी कोण, ते मला ठाऊक आहे. पण माझ्याकडून तुम्हाला ते कधीच कळायचं नाही.