रिकाम्या हातांचा ठसा

वीस मेला सकाळी साडेदहाच्या सुमारास माझ्या आईचा अंगठा रेशनच्या मशीनवर उमटला आणि आम्हाला दहा किलो तांदूळ मिळाला.

असं काही घडलेलं नाही. निदान गल्लीत कुणी विचारलं तर घडलेलं नाही असंच सांगायचं, अशी आईची ताकीद आहे. तांदूळ कुठनं आला म्हणाले तर पाव्हण्यांनी दिला म्हणायचं. लॉकडाऊनमध्ये कुठला पाव्हणा दहा किलो तांदूळ घेऊन फिरत होता, हे विचारायचं भान तेव्हा कुणाला नव्हतं. तेव्हा आपण अंगठा उमटलेला नाही, इथनं सुरुवात करू.

माझी आई अंजना निपाणीत तेहतीस वर्षं विड्या वळते. दिवसाला हजार. पान कापायचं, चिमूट तंबाखू ठेवायची, अंगठा आणि दोन बोटांत धरून गुंडाळायचं, दोरा बांधायचा. कोरडं पान बोटांवरनं इतक्या वेळा सरकलंय की बोटांवरच्या रेषा पानानं खाऊन टाकल्यात. आईचा अंगठा वाटीच्या बुडासारखा गुळगुळीत आहे. मशीनच्या मते आईला बोटं आहेत, पण ती कुणाचीच नाहीत.

जानेवारीपर्यंत याची अडचण नव्हती. रेशनला आप्पा, माझे वडील, जायचे. आप्पा एका शाळेत वॉचमन होते आणि त्यांचा अंगठा पहिल्या झटक्यात उमटायचा. "आयुष्यात एवढं एकच काम मला पहिल्या झटक्यात जमतंय," म्हणायचे. जानेवारीत एका दुपारी छातीत दुखतंय म्हणाले. मग दुखायचं थांबलं.

चौथ्या दिवशी आई विड्या वळायचं सूप मांडीवर घेऊन बसली. मी बेळगावला परत गेलो. तिथं एका मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात मी कामाला होतो. बेळगावात खोली केली तेव्हा निपाणीच्या कार्डावरनं माझं नाव कमी करून घेतलं होतं. ते बेळगावात चढायचं राहिलं. म्हणजे सरकारच्या हिशोबानं मी गेली दोन वर्षं जेवलेलो नाही.

मार्चमध्ये शेवटच्या एसटीनं घरी आलो. दुकान बंद, विडीचा कारखाना बंद, पान नाही, तंबाखू नाही. घरात अर्धा डबा तांदूळ होता. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तोंडाला टॉवेल बांधून आम्ही दोघं रेशनला गेलो. मशीनवर नागेंद्र होता. त्यानं आईची दहाच्या दहा बोटं आळीपाळीनं लावून बघितली. मशीननं दहा वेळा नाही म्हटलं.

"फोनवर नंबर येतोय का बघूया," नागेंद्र म्हणाला. "कार्डाला कुठला फोन जोडलाय?"

"आप्पांचा."

"मग त्यांना विचार की रं, काय आलंय."

मी आईकडं बघितलं. आई भिंतीवरच्या वजनाच्या तक्त्याकडं बघत होती.

"ते जानेवारीत गेले," मी म्हणालो. "आणि रिचार्ज मार्चमध्ये."

नागेंद्रनं फोनचा नाद सोडला. मग आईचं आधार कार्ड उलटंपालटं करून म्हणाला, "आक्का, हे काढताना तुझी बोटं लागलती कशी?"

आईनं आठवून सांगितलं, "ते काविळीच्या वर्षी काढलं. तीन महिने अंथरुणावर हुतो. सूप हातात धरलं न्हवतं."

"मग झालं तर. मशीन त्या बाईला वळखतंय. तू ती न्हाईस." त्यानं मशीन फडक्यानं पुसलं. "आता असंबी काम बंदच हाय. दीड महिना हातानं काय करू नको. भांडी न्हाय, भाकरी न्हाय, धुणं न्हाय. रेषा परत येत्यात. माझ्या मावशीच्या आल्या, हात मोडला तवा."

तर असं ठरलं. डब्यात होता तेवढा तांदूळ आणि शेजारच्या अक्काताईनं उसनी दिलेली पायलीभर ज्वारी, यावर दीड महिना काढायचा आणि आईनं स्वतःचा अंगठा परत उगवायचा. अक्काताईपण विड्याच वळते, पण तिच्या कार्डावर चार सुना-लेकांचे अंगठे आहेत. तिला कशाची ददात नाही.

दुसऱ्या दिवसापासनं घर माझ्याकडं आलं. सकाळी झाडलोट, चहा, पाणी भरणं, भांडी, धुणं, भाकरी. आई कॉटवर बसून सूचना करायची. तिचे दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवलेले असायचे, दुसऱ्या कुणीतरी सांभाळायला दिल्यासारखे. मी दिवसातनं तीनदा त्यांना खोबरेल लावायचो.

"पीठ जरा अजून मळ."

"मळलंय की."

"ते मळलंय व्हय? भिताडाला लावायला काढलंस."

माझी पहिली भाकरी आम्ही कशीबशी खाल्ली. दुसरीला मध्ये भोक पडलं होतं. आईनं ती डोळ्यासमोर धरून भोकातनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "दिसतोयस." हात वापरला म्हणून मी तिच्याकडनं भाकरी काढून घेतली.

चौदा एप्रिलला सगळ्यांनीच जयंती घरात केली. आईनं सांगितलं तशी मी खीर केली, फोटोला हार घातला, दिवे लावले. वंदना म्हणायला आईनं हात जोडले. हे काम धरायचं का नाही, यावर मी विचार केला आणि सूट दिली.

अडचण रेषांची नव्हती, हातांची होती. ते थांबेनात. आई बोलत असायची आणि खाली बोटं पदराचं टोक गुंडाळत असायची. पदर काढून घेतला की कॅलेंडरचा कागद. मार्च महिना तिनं सगळा वळून टाकला, एकतीस तुकडे, तोंडं दुमडून. माझं दुकानातलं ओळखपत्र एक दिवस तिच्या उशाजवळ सापडलं. प्लॅस्टिक असल्यानं ते नीट गुंडाळलं गेलं नव्हतं, पण प्रयत्न दिसत होता. शेवटी मी तिच्या दोन्ही हातांत आप्पांचे पायमोजे घातले. उन्हाळ्याचे दिवस होते. तिनं हरकत घेतली नाही. कशालाच घेत नव्हती.

अक्काताई दाराशी लांब उभी राहून बघायची. एकदा मला बाजूला बोलावून म्हणाली, "रडली का रं?"

"न्हाय."

"तवा सवड नव्हती, आता हाय. रडंल बघ." एवढं बोलून ती वाट बघत उभी राहिली, जणू मी आत जाऊन आईला बोलावणार होतो.

आई रडली नाही. मीही नाही. आम्ही दोघं दुपारी समोरासमोर बसायचो आणि पंखा बघायचो.

संध्याकाळी पाच वाजले की आई विचारायची, "पानं भिजवली का?"

उद्याची पानं आदल्या संध्याकाळी भिजवून ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवायची, हे आप्पांचं काम होतं. शाळेतनं आले की शर्ट न काढता तेच करायचे. पहिल्या दिवशी मी म्हणालो, "पानं कुठायत?" तर आई माझ्याकडं बघत राहिली. त्या बघण्यानंतर जेवण झालं नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी मी म्हणालो, "भिजवली." आणि खोटं नको म्हणून पोतं भिजवलं. रिकामं. पिळून, घडी घालून, कोपऱ्यात ठेवलं. मग रोजच भिजवायला लागलो. रिकामं पोतं भिजवायलाही पाच मिनिटं लागतात.

लहानपणी मला या घरात कधी मोकळी जागा दिसली नाही. पानांची पेंडकी, तंबाखूची पिशवी, वळलेल्या विड्यांचे गठ्ठे. आम्ही उरलेल्या जागेत राहायचो. शाळेला जायच्या आधी शंभर विड्यांची तोंडं दुमडायची, मग दप्तर. माझ्या वहीला तंबाखूचा वास यायचा. पहिलीतल्या बाईंना शिंका यायच्या, म्हणून माझी वही त्या सगळ्यात शेवटी तपासायच्या. आईच्या मांडीवर कायम सूप. पोरं आईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपतात हे मी दुसऱ्यांच्या घरात बघितलं. फक्त काविळीच्या वर्षी, मी सहावीत असताना, ते तीन महिने मांडी मोकळी होती. पण तेव्हा मला वाटायचं आपण मोठे झालो.

मेच्या मध्यावर डब्यातला तांदूळ संपला. ज्वारी चार दिवसांची राहिली. मी रोज सकाळी मोजा काढून, मोबाईल दुरुस्तीचं भिंग लावून अंगठा तपासायचो. आधी काही दिसत नव्हतं. मग एका बाजूला दोन-तीन बारीक ओळी आल्या, नवीन पेरल्यागत. आई स्वतःच्या अंगठ्याकडं पाव्हण्याकडं बघावं तशी बघायची.

"ही बोटं माझी हायत व्हय?"

"तुझीच."

"माझ्या आईची बोटं अशीच हुती." तेवढंच बोलली.

वीस तारखेला नागेंद्रनं तिचा अंगठा स्वतःच्या शर्टानं पुसला आणि काचेवर दाबून धरला. मशीन थोडा वेळ विचार करत राहिलं. मग हिरवा दिवा लागला. "आयतु," नागेंद्र कानडीत म्हणाला, झालं एकदाचं, आणि तांदूळ मापायला उठला. आई काचेवरनं अंगठा उचलेना. मला तो हळूच बाजूला करावा लागला.

तीन दिवसांनी कारखाना उघडला, पान सुटलं. गल्लीत पोती आली. आईनं मोजे काढून दांडीवर वाळत टाकले आणि सूप खाली घेतलं.

"अजून एक महिना थांब," मी म्हणालो. "जूनचं रेशन घेऊ, मग कामाला बस. अंगठा जाईल परत."

"आणि कार्डावर दुसरी घेतली मग?"

म्हणजे कामगार म्हणून तिचं जे कार्ड आहे, ते. महिनाभर विडी दिली नाही तर जागा दुसरीला. रेशनला रेषा असलेली अंजना पाहिजे आणि कारखान्याला रेषा नसलेली. दोघीजणी एका घरात राहतात, पण एका वेळी एकच मिळते.

पहिल्या दिवशी तिच्या तीनशे विड्या छाट निघाल्या, म्हणजे तपासणाऱ्यानं सैल म्हणून बाजूला टाकल्या. बोटं मऊ पडली होती. अक्काताईनं तिचा हात धरून उजेडात बघितला आणि सगळ्या बायकांसमोर म्हणाली, "अंजे, तुझा अंगठा मास्तरणीगत झालाय की गं. मशीनवर उमटंल आता."

"माझा कुठला उमटतोय," आई म्हणाली आणि हात पदराखाली घेतला. तेहतीस वर्षांत छाट नावाचा प्रकार तिच्या सुपात नव्हता. वीस मेची गोष्ट त्या क्षणाला घडलेली नाही असं ठरलं.

जूनमध्ये अंगठा कसाबसा लागला. जुलैमध्ये चौथ्या वेळी. ऑगस्टमध्ये नागेंद्रनं मशीन बाजूला ठेवलं आणि मला म्हणाला, "एक अर्ज टाक." माझं नाव कार्डावर चढवायचा अर्ज आधीच टाकलाय, तो सर्व्हरची वाट बघतोय. आप्पांचा नंबर कंपनीनं हुबळीच्या कुणालातरी दिलाय. मी फोन केला होता. चांगला माणूस वाटला.

म्हणून हा दुसरा अर्ज. कचेरीत सगळं कानडीत, मराठीतला अर्ज तिथं कुणी वाचत नाही, असं नागेंद्रनं आधीच सांगितलं, त्यामुळं मोकळेपणानं लिहिता आला. आईला वाचून दाखवला. ती विडी वळत ऐकत होती. म्हणाली, "टाक."

प्रति,
मा. साहेब, संबंधित कार्यालय.

विषय : घरापुरतं लॉकडाऊन मंजूर होणेबाबत.

महोदय, वरील विषयास अनुसरून अर्ज करते की, मी अंजना भीमाप्पा, विडी कामगार. काम चालू असताना माझी ओळख पटत नाही व ओळख पटत असताना माझं काम चालू नसतं. सबब, दर तीन महिन्यांनी चाळीस दिवस फक्त आमच्या घरापुरतं लॉकडाऊन लावण्यात यावं, सदर काळात कारखान्यातली माझी जागा राखून ठेवावी, आणि अर्जाखालचा अंगठा उमटलेला नसल्यास अर्जदार हयात असून कामावर आहे असं समजण्यात यावं, ही नम्र विनंती.