चौथी खोली

मी बेल्जियमचा आरसा बोलतोय. पुरुषभर उंच, शिसवी चौकटीचा. अख्ख्या सोलापुरात माझ्या तोडीचा दुसरा नाही. आता बेल्जियमचा म्हणजे, रेवणप्पा गिऱ्हाइकांना तसं सांगायचा. पाठीवर चिठ्ठी इथल्याच फ्रेमवाल्याची आहे आणि चौकट आंब्याच्या लाकडाची. ती बाजू भिंतीकडे असते म्हणून अब्रू टिकून आहे.

माझी काच जन्मापासून जराशी वाकडी. समोरचा माणूस बारीक दिसतो. दुसऱ्या कुणी मला भंगारात काढलं असतं, रेवणप्पाला मात्र मी बघताक्षणी आवडलो. नवी पेठेत त्याचं कापडाचं दुकान होतं. लग्नाच्या खरेदीला आलेल्या बायका खांद्यावर नवा पदर टाकून माझ्यासमोर उभ्या राहायच्या आणि निम्म्या दिसायच्या. फौजदार, शाळामास्तर, नवरदेवाचे मामा, मी कुणाला सोडलं नाही. घरी जाऊन आपापल्या आरशाला शिव्या घालत असतील. माझं शिक्षण म्हणाल तर समोरच्या दुकानाची पाटी वाचून चार अक्षरं शिकलो, तीही उलटी.

दुष्काळाच्या साली रेवणप्पा गेला. दुकान भाड्याचं, मालकानं परत मागितलं. काशम्मानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, सुतळीचा तोडासुद्धा विकला नाही. कापडाचे तागे, मांडण्या, गादी, रिकामी खोकी आणि मी, सगळी वरात हातगाडीवरून बाळीवेशीतल्या तीन खोल्यांच्या घरात आली. दारातून चूल दिसेना. शेजारणी आधी हळहळल्या, मग हसल्या, मग यायच्या थांबल्या.

मीही हसलो. म्हातारी रोज एखादा तागा इकडचा तिकडे करायची, माझ्यासमोर येऊन बघायची, पुन्हा सरकवायची. पुष्कळ दिवसांनी माझ्या ध्यानात आलं. तागे सगळे माझ्याकडं तोंड करून आणि येणाऱ्याकडं पाठ करून लावलेले. खोलीत नुसता पसारा, पण माझ्यात बघाल तर नवी पेठेतलं दुकान जसंच्या तसं. मागं मांडणी, खाली पांढरी गादी, गादीवर रेवणप्पाची काळी टोपी. गिरणीचा संध्याकाळचा भोंगा झाला की ती माझ्यासमोर पाटावर बसायची. स्वतःकडं बघायचीच नाही. खांद्यामागच्या गादीकडं बघून विचारायची, "मालक, भाकरी थापू?"

लोकांना फसवण्यात मी जन्म घालवला, पण त्या टोपीखाली माणूस काही मला दाखवता आला नाही.

गेल्या महिन्यात पुण्याहून पुतण्या आला, पंचाक्षरी. घर विकावं आणि काकूनं आपल्याकडं येऊन राहावं असं त्याचं म्हणणं. वाईट नाही पोरगा, फक्त चहासुद्धा उभ्यानं पितो. काशम्मा हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. तेवढ्यावर त्यानं घराची किंमत काढायला माणूस धाडला.

हरिदासराव म्हणजे आधी पोट आणि मागून साहेब. हातात टेप, काखेत कागद, गठ्ठ्यांमधून आडवे होत ते कसेबसे मधल्या खोलीत शिरले. भिंत कुठं सुरू होते आणि कुठं संपते, काही कळेना. काशम्मा मागं उभी. दोन मांडण्यांच्या फटीतून साहेबांनी मान बाहेर काढली, तर पलीकडं एक नीटनेटकी खोली आणि तिच्यात टेप घेतलेला एक सडपातळ गृहस्थ. त्यांनी लगेच कागदावर चौथी खोली लिहिली आणि अदबीनं म्हणाले, "अहो, जरा टेपचं टोक धरता का?"

सडपातळ गृहस्थानंही तितक्याच अदबीनं आपलं टोक पुढं केलं. दोघं एकमेकांची वाट बघत राहिले. नवी पेठ सुटल्यापासून मला इतकं हसू आलं नव्हतं. शेवटी साहेब चिडून पुढं सरकले आणि टेपची पितळी कडी माझ्या काचेवर टक्कन वाजली.

कान लाल करून त्यांनी चौथी खोली खोडली. मग गठ्ठ्यावर टेकून पाणी प्यायले आणि समजावू लागले. भिंती भक्कम आहेत, गिऱ्हाईक लगेच मिळेल, फक्त हा पसारा हलवायला हवा. एकट्या बाईनं यात कसं राहायचं? पुण्याला माणसांत राहा, आरशालाही कुणी घेईलच.

मला कुणी घेईल, खरं आहे. सलूनवाला नाहीतर जुन्या बाजारवाला. तिथं कधी भेटलो तर माझं एवढंच मागणं, माझ्यासमोर पोट आत ओढू नका. ते काम माझं आहे. पण पंचाक्षरीच्या दीड खोलीत ती काळी टोपी कुठं ठेवणार, आणि भाकरीचं विचारणार कुणाला?

साहेबांनी कागद पुढं केला. एकदा सही करा मावशी, म्हणजे पुढचं सगळं पुतण्या बघेल. काशम्मानं पेन घेतलं नाही. खोडलेल्या ओळीवर बोट ठेवून हे काय म्हणून विचारलं.

"ते चुकून लिहिलं होतं हो," हरिदासराव ओशाळून म्हणाले. "चौथी खोली. ती नाहीच आहे."

काशम्मानं एकदा माझ्याकडं बघितलं.

"तीन लिवल्या," ती म्हणाली, "आन् मी ऱ्हाते तीच खोडली की तुमी."