दोन वितींची गोधडी

"सून आणलीय की कपाट, तेच कळत नाही गं सुनंदा. दार उघडावं तर आत सगळं नीट घडी घातलेलं. आवाज म्हणून नाही."

अरुणाबाई हे फोनवर बहिणीला सांगत होत्या. फोन खांद्यात धरून त्या बेडच्या बॉक्समध्ये वाकल्या होत्या, मला बाहेर काढत होत्या. सून बाल्कनीत कपडे वाळत घालतेय असं त्यांना वाटलं. पण देविका दारातच उभी होती, हातात रिकामी बादली. ती तशीच मागे वळली आणि बादली जागेवर ठेवून आली. बादलीचासुद्धा आवाज केला नाही.

मला त्याचं काही वाटलं नाही. तिलाही वाटलेलं दिसलं नाही.

मी गोधडी बोलतेय. म्हणजे, व्हायची राहून गेलेली. जुन्या चादरीत बांधलेले सुटे चौकोन, एवढंच माझं शरीर. अस्तर नाही, काठ नाही. कुणाच्या अंगावर कधी पडले नाही, त्यामुळे ऊब म्हणजे काय ते मला ऐकूनच माहीत. वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिलं की घडीची जागा बधिर होते. मग उघडलं काय आणि नाही काय.

माझा जन्म दिल्लीतल्या पहाडगंजातला. दोन भावांचं एकच बिऱ्हाड होतं, खोल्याही दोनच. थोरलीचं नाव वत्सला, धाकटीचं कमल. कमलला दिवस गेले, बाळ ऐन थंडीत येणार होतं. दोघी जावांनी ठरवलं, जुन्या साड्या आणि सदरे फाडून गोधडी करायची. निम्मे चौकोन एकीनं करायचे, निम्मे दुसरीनं.

"माप काय धरायचं?" कमलनं विचारलं.

"एक वीत," वत्सला म्हणाली. तिच्या माहेरी सगळं वितीनंच मोजायचे.

दुपारची आवराआवर झाली की दोघी आपापल्या खोलीत शिवायला बसत. वत्सलाचा हात भाकऱ्या थापून रुंद झालेला. कमलचा हात एवढासा. जोडायला घेतलं त्या दिवशी ओळी जुळेनात. एक चौकोन शेजारच्याला झाकायचा, नाहीतर मध्ये फट राहायची.

"तुझं माप चुकलं," वत्सला म्हणाली.

"जाऊबाई, तुम्ही वीत म्हणालात, मी वीतच घेतली."

"ही वीत? बाहुलीची असेल."

कमलनं आपले चौकोन गोळा केले. उसवायला कुणी तयार नव्हतं, कापायलाही नाही. बाळाला बाजारातून रजई आली आणि मला चादरीत बांधलं. ते बाळ म्हणजे विश्वासराव, अरुणाबाईंचे यजमान.

पुढे बिऱ्हाडं वेगळी झाली. मी कमलबरोबर करोलबागेत गेले, आणि तिच्यामागे तिच्या मुलाबरोबर इथे, गुरुग्रामच्या चौदाव्या मजल्यावर आले. या सगळ्या काळात माणसांची एक सवय मी पाहिली. जुनी वस्तू टाकायची नाही, वापरायचीही नाही. घट्ट बांधून ठेवायची आणि त्याला जपणं म्हणायचं.

त्या संध्याकाळी मला हॉलमध्ये सोफ्यावर पसरलं. बाहेर धुरकं होतं, खिडक्या बंद, हवा शुद्ध करायचं यंत्र कोपऱ्यात घोरत होतं.

"अहो, हे तुमच्या आईंचं बोचकं," अरुणाबाई म्हणाल्या. "देविकाच्या सामानाला जागा हवी. याचं काय करायचं ते एकदा सांगा."

"यार आई, सगळे वाकडेतिकडे आहेत," त्यांचा मुलगा उन्मेष मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाला. "पानिपतला देऊन टाक ना. तिथे जुन्या कपड्यांची ब्लँकेटं करतात."

"मराठी माणसानं पानिपतला काही पाठवू नये," विश्वासराव म्हणाले. "आपलं तिथून परत येत नाही."

देविकाच्या ओठाचा एक कोपरा हलला. मी जवळ होते म्हणून मला दिसलं.

"मग कुशन कव्हरं करू. मोठे आहेत ते कापून लहानांच्या मापाचे करते." अरुणाबाई कात्री आणायला गेल्या.

"कर," विश्वासराव म्हणाले. "आई स्वतःच म्हणायची, माझं माप चुकलं म्हणून ती गोधडी राहिली."

देविका इतका वेळ चौकोन गोळा करत होती. आवरतेय, असंच सगळ्यांना वाटलं. ती एकेका चौकोनावर पंजा ताणून ठेवायची आणि मग तो डावीकडे किंवा उजवीकडे ठेवायची. काहींवरून तिची करंगळी बाहेर जायची, काहींवर कमी पडायची. कुणी माझ्यावर असा हात ठेवून कितीतरी वर्षं झाली होती. बरं वाटलं का? सांगता येत नाही. बहुतेक वाटलं असावं.

अरुणाबाईंनी वरचा मोठा चौकोन उचलून त्याला कात्री लावली. मला एकच विनंती करायची होती. त्यासाठी मला तोंड नव्हतं.

"कापू नका, आई."

कात्री थांबली. उन्मेषनं मान वर केली.

"माप चुकलेलं नाही," देविका म्हणाली. "हे दोन गठ्ठे बघा. प्रत्येक गठ्ठा आपल्यापुरता अगदी सारखा आहे. टाकेही वेगळे आहेत. दोन बायकांनी शिवलंय हे, आपापल्या वितीनं."

विश्वासराव उठून आले. मोठ्या गठ्ठ्यावर हात ठेवून म्हणाले, "वत्सलाकाकूचा हात मोठा होता." मग लहान गठ्ठा हातात घेतला आणि तसेच उभे राहिले. "आई जन्मभर म्हणत राहिली गं, माझंच चुकलं."



"पण मग हे जुळायचे कसे?" अरुणाबाईंनी विचारलं.

"लहानांना चारी बाजूंनी पट्टी लावते. माझी एक माहेरची सुती साडी आहे, तिची काढते. इथे ती नेसायला होत नाही."

अरुणाबाईंनी कात्री टीपॉयवर ठेवली. "अगं, तू एवढं बोलतेस?"

"बोलते ना," माझी घडी घालत देविका म्हणाली. "आणि आई, कपाटाला ऐकूही येतं."