कटल्याची मुंडी

क्षीरोदबालाबाईंनी विळीच्या पात्याला कटला माशाची मान लावली आणि दोन्ही हातांनी असा रेटा दिला की मुंडी अखंड सुटून राखेत पडली. ती धुऊन त्यांनी परातीत ठेवली आणि हात न पुसताच पुन्हा ओसरीत डोकावून आल्या. सकाळपासून त्यांचं हेच चाललं होतं.

ओसरीत तिन्ही जावई घाम पुसत बसले होते. जामाईषष्ठी होती, बंगाल्यांचा जावयांना जेवू घालायचा सण. ज्येष्ठातल्या उन्हात कृष्णनगरात कावळाही बाहेर पडत नाही, पण जावयाला सासुरवाडीला यावं लागतं आणि सासूला माशाची अख्खी मुंडी त्याच्या ताटात वाढावी लागते. देवानं माशाला मुंडी एकच दिली आणि बाईंना मुली तीन.

पंचाईत अशी की हक्क तिघांचाही होता. थोरले निबारण कोर्टात कारकून. वडीलकीचा कायदा त्यांना पाठ. मधले हृषीकेश शाळामास्तर. गेल्या वर्षी मुंडी थोरल्यांच्या ताटात पडली तेव्हा ते हसून ‘वा वा’ म्हणाले होते आणि दुर्गापूजेला त्यांनी बायकोला माहेरी पाठवलंच नव्हतं. धाकटा प्रणतोष नवा. लग्न फाल्गुनातलं, आणि पहिल्या षष्ठीचा मान नव्या जावयाचा हे सगळा गाव मानतो. बाईंना एवढंच हवं होतं की येत्या पूजेला तिन्ही मुली एका वेळी घरात दिसाव्यात. मुंडी कुणाच्या ताटात गेली म्हणजे कुठली मुलगी येणार नाही, याच विचारानं त्यांची झोप उडाली होती.

मागे एकदा लहान लहान मासे आणून पाहिले होते. तेव्हा निबारणांनी ताटाकडे बघून, ही पोपटाची का, अशी चौकशी केली होती.

धाकटी बुलू मोहरी वाटत होती. ती म्हणाली,
“डाळीत घाल ना मा. सगळ्यांना सारखी होईल.”

“डाळीतली मुंडी पाहुण्यांना. जावयाला ताटात.”

बाईंनी रस्सा उकळत ठेवला आणि वाकून वास घेतला. मीठ चाखायची सोय नव्हती; नवरा गेल्यापासून मासा वर्ज्य. तो होता तेव्हाची गोष्ट निराळी. गृहस्थांना काट्याची भीती, पण मुंडी मात्र ते मानानं आपल्याच ताटात वाढून घ्यायचे, जराशी चिवडायचे आणि ‘पोटात जागा नाही’ म्हणून उठायचे. बाई मग त्याच उष्ट्या ताटावर बसत. सासू शेजारणींना सांगे, सून मोठी पतिव्रता आहे.

ताटं मांडली. बाई मुंडीचा वाडगा घेऊन आल्या आणि निबारणांपुढे वाकल्या.

“मला कशाला? मास्तरांना वाढा,” निबारण म्हणाले. “गेल्या वर्षीचं त्यांच्या मनात आहे म्हणतात.”

“मनात ठेवायची सवय असती तर मीही कोर्टात गेलो असतो,” हृषीकेश म्हणाले. “नव्या जावयाला द्या, आई.”

प्रणतोष लाजला. थोरल्यांच्या आधी आपण कसे, म्हणाला. वाडगा पुन्हा पहिल्या ताटाशी आला. रीतच तशी आहे: जावयानं नको म्हणायचं, सासूनं बळेच वाढायचं. तिघेही तोंडानं वाडगा पुढे ढकलत होते आणि नजरेनं धरून ठेवत होते. निबारण म्हणाले, खरं तर आपल्याला मुंडी आवडतच नाही. हृषीकेशांना तर वासही सोसत नव्हता. मागे पडायला नको म्हणून प्रणतोष घाईनं बोलून गेला, आमच्याकडे मुंडी मांजराला घालतात.

बाईंनी तिघांकडे एकदा नीट पाहिलं.

“बरं,” त्या म्हणाल्या, आणि वाडगा घेऊन आत गेल्या.

भातातले तिन्ही हात थांबले. सासूच्या तोंडून ‘बरं’ आजवर कुणी ऐकलं नव्हतं. निबारण खाकरले. हृषीकेशांनी वाटीतली डाळ उगाच ढवळली. बराच वेळ झाला तरी कुणी बाहेर येईना, तेव्हा थोरल्या मुलीनं डोळ्यांनीच बुलूला पिटाळलं.

स्वयंपाकघराचं दार बुलूनं हलकेच लोटलं. आई दाराकडे पाठ करून बसली होती. पांढरा पदर डोक्यावरून पुढे ओढलेला, कोपर हलत होतं, आणि हाड चोखल्याचा बारीक आवाज येत होता. बुलूला तो लहानपणापासून माहीत होता. बाबा हात धुवायला गेले की तो ऐकू यायचा.

बुलूनं दार ओढून घेतलं.

“मांजरीनं नेली,” ती बाहेर येऊन म्हणाली.

मग निबारणांनी मोठा श्वास सोडला.

“नेऊ दे. मुकं जनावर.”

“त्याचाही जीव आहे,” हृषीकेश म्हणाले, आणि भात मागून घेतला. त्यानंतर तिघेही असे जेवले की भात दुसऱ्यांदा टाकावा लागला. आंबे कापताना मास्तर आपणहून म्हणाले, या पूजेला मी स्वतः हिला आणून सोडतो.

ऊन उतरल्यावर मंडळी निघाली. बुलूनं आईच्या मुठीत लिंबाची फोड सरकवली. जावई पाया पडले. बाईंनी तोंडभरून आशीर्वाद दिले, पण डोक्यावर ठेवायचा हात पदराआडच राहिला.

निबारण चपला घालता घालता थांबले. कोर्टातला माणूस.

“आई, तुमच्याकडे मांजर कधीपासून?”

“जुनीच आहे, बाबा,” क्षीरोदबालाबाई म्हणाल्या. “तुमच्या सासऱ्यांनी लाडावून ठेवलेली.”