मोडणारीची चूक

देवांच्या घरात तिघं भावंडं होती. थोरला घडवणारा, मधली राखणारी आणि धाकटी मोडणारी. थोरल्याच्या देवळात पाय ठेवायला जागा नसायची. मोडणारीला मात्र लोक उंबऱ्याबाहेरूनच हात जोडायचे, "आमच्याकडे येऊ नकोस" एवढंच सांगायला.

गावातल्या धान्यकोठाराला तडे गेले होते. कुणाच्या अंगावर कोसळण्याआधी ते पाडून टाक, असं थोरल्याने तिला सांगितलं. "विहिरीच्या उजवीकडचं." ती उलट्या वाटेने गावात आली आणि आपल्या उजव्या हाताचं घर पाडून बसली. ते विणकरणीचं होतं. ती पाण्याला गेली होती म्हणून वाचली. तिच्या मागाचा मात्र चुरा झाला.

धूळ बसली तसं मोडणारीच्या लक्षात आलं. पाणी घेऊन परतलेली बाई आता आपल्याला फाडून खाणार, असं तिला वाटलं. पण विणकरणीने घागर खाली ठेवली आणि हात जोडले. "आई, माझं काय चुकलं?"

मोडणारीने पाठ फिरवली. ती मुकाट्याने निघून गेली. कोठार थोरल्याने माणसं लावून पाडून घेतलं, आणि तिला एका शब्दाने विचारलं नाही.

काही दिवसांनी एक बाई तिच्या उंबऱ्याशी आली. विणकरणीची वहिनी. "नणंद आमच्याकडे राहतेय. तिचं ताट आम्ही वेगळं ठेवलंय. तिचं पाप आमच्या घराला लागू देऊ नकोस."

मोडणारी तडक पुजाऱ्याकडे गेली. विणकरणीच्या पापामुळे देवीने घर पाडलं, असं त्यानेच गावाला सांगितलं होतं.

"तिने काही केलेलं नाही. माझंच उजवं-डावं चुकलं."

पुजारी कसनुसा झाला. "असं बोलू नका. देवीच चुकते म्हटल्यावर लोकांनी डोक्यावर छप्पर घेऊन निजायचं कसं?"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. गप्प बसायला कारण मिळालं म्हणून तिला क्षणभर बरंही वाटलं, आणि त्याचीच तिला जास्त लाज वाटली.

भर बाजारात, भाजीवाल्यांच्या मधोमध ती उभी राहिली आणि घडलं ते तिने सांगितलं. कुणीतरी फिसकन हसलं. "देवी परीक्षा बघतेय," एक म्हातारा पुटपुटला.

मागून विणकरीण पुढे आली. "मोठ्याने सांग. मागच्यांना ऐकू गेलं नाही."

मोडणारीचे कान तापले. "मी चुकून हिचं घर पाडलं," ती ओरडून म्हणाली. "हिचा काही दोष नाही."

"इतके दिवस मी माझी पापं शोधत होते," विणकरीण म्हणाली. "लहानपणी एकदा आईशी खोटं बोलले होते. तेवढंच सापडलं. त्यावरून रोज रडले."

मोडणारीला मान वर करवेना. "मला माफ करशील?"

"आत्ता नाही. आधी घर उभं राहू दे."

पण घर उभारायला मोडणारीचा काय उपयोग? तिने वीट उचलली की विटेची माती व्हायची. गवंड्याने तिला लांब बसवलं. शेवटी विणकरणीने भाजलेल्या चुनखडीचे दगड तिच्यापुढे ओतले. "हे तरी जमेल."

मग ती रस्त्याच्या कडेला बसून चुनखडी कुटायला लागली. येणारे-जाणारे थबकून बघायचे. वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन आली. नणंदेला द्यावा की देवीला, हे तिला ठरवता येईना. ती तशीच अवघडून उभी राहिली. मोडणारीने कुणाकडेच पाहिलं नाही.

विणकरणीने चुना चिमटीत धरून बघितला.

"अजून बारीक कर," ती म्हणाली.