आखूड दोरी

मुलाखतीत दादाला दरवेळी एकच प्रश्न विचारतात आणि दरवेळी तो तेच उत्तर देतो. "घोडा आणि मी वेगळे नाहीच. त्याच्या मनात काय चाललंय ते मला पाठीवर बसल्या बसल्या कळतं." हे म्हणताना तो डोळे बारीक करून लांब कुठेतरी बघतो. लांब काही नसतं. लिदीच्या ढकलगाड्या असतात, कारण मुलाखती तबेल्याच्या मागच्या बाजूला घेतात, तिथे ऊन चांगलं पडतं. मी घोड्याची दोरी धरून कॅमेऱ्याच्या जरा बाहेर उभी असते. एकदा फोटोत माझं कोपर आलं होतं. आईने तो फोटो दादाच्या कात्रणांच्या वहीत चिकटवण्याआधी कोपर कात्रीने कापून टाकलं.

दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ, शो जंपिंगमधला नावाजलेला स्वार. खेळ समजायला सोपा आहे. मैदानात बारा-तेरा रंगीत अडथळे असतात, ते ठरलेल्या क्रमाने ओलांडायचे, दांडी पडली की चार गुणांचा दंड. उडी घोडा मारतो आणि पदक दादाच्या गळ्यात पडतं. यात कुणालाच काही खटकत नाही.

आमचे बाबा एका रायडिंग क्लबात नालबंद होते. घोड्यांना नाल ठोकता ठोकता त्यांनी आम्हा दोघांना तिथे शिकायची परवानगी मिळवली. पहिल्या वर्षात दादा एकोणीस वेळा पडला, मी चार वेळा. आकडे मला पाठ आहेत, कारण त्याच्या कपड्यांवरची माती झटकायचं काम माझ्याकडे होतं. मी बारा वर्षांची झाले तेव्हा बाबांनी निकाल दिला, "तो बसेल, तू घोडा सांभाळ. तुझा हात चांगला आहे." माझा हात चांगला होताच. दादाचं काय चांगलं होतं ते बाबांनी सांगितलं नाही, आणि विचारायची आमच्याकडे पद्धत नव्हती.

तर दादा वर चढला आणि मी खाली राहिले. पांढरी विजार आणि लाल कोट त्याला फार शोभतो, हे मी शत्रूलाही सांगेन. धीटही आहे, दोनदा गळपट्टीचं हाड मोडूनही पुन्हा बसला. पण त्याला मोजता येत नाही. फेरीआधी स्वारांना मैदानात पायी फिरू देतात. दोन अडथळ्यांमधलं अंतर पावलांनी मोजायचं असतं, आपली चार पावलं म्हणजे घोड्याची एक ढांग. दादा हात मागे बांधून असा फिरतो की जणू त्याला ती जमीन विकत घ्यायची आहे. ओळखीच्यांना हात करतो, कुणाच्या तरी खांद्यावर थाप मारतो. मी त्याचा चाबूक घेऊन मागून मोजत जाते.

"सहा," मी म्हणते.

"मलाही सहाच वाटलं," तो म्हणतो.

एवढं करूनही तो चुकायचा तेव्हा सांभाळून घ्यायला मास्तर होता. नऊ वर्षांपूर्वी मालकीणबाईंनी हा तपकिरी घोडा घेतला आणि दादाच्या हाती दिला. मालकीणबाईंचा फरश्यांचा कारखाना आहे आणि त्यांना बोलता बोलता रडू येतं. कागदोपत्री घोड्याचं नाव लांबलचक आहे. मास्तर हे नाव मी ठेवलं, कारण आल्या आल्या त्याने दादाला पाण्याच्या अडथळ्यात बसवून धडा शिकवला. पुढे मात्र तो सुधारला, म्हणजे दादाला सांभाळायला शिकला. दादाने चुकीच्या ढांगेवर आणून सोडलं तरी मास्तर स्वतःच पाऊल आखूड करून पलीकडे जायचा, आणि जाताना एक कान मागे वळवायचा, बसलाय का पडला ते बघायला. वर्तमानपत्रांनी दादाला डोक्यावर घेतलं. त्याने स्वतःच्या आयुष्यावर पुस्तकसुद्धा लिहायला घेतलं. पहिलं प्रकरण मी वाचलंय. त्यात तो एकदाही पडत नाही.

मग मास्तरचा पुढचा डावा पाय दुखायला लागला.

मोठ्या स्पर्धेआधी घोड्यांची तपासणी असते. मोतद्दाराने, म्हणजे घोडा सांभाळणाऱ्याने, घोड्याला नुसत्या दोरीवर धरून दुडक्या चालीने पळवायचं, टोकाला वळून परत आणायचं, आणि डॉक्टरांनी बघायचं. पुढचा पाय दुखत असेल तर घोडा तो टेकताना डोकं वर उचलतो. डॉक्टर ते डोकंच बघत असतात, म्हणून दोरी सैल सोडा असा नियम आहे. आता मोतद्दार मी. दोरी सैल दिसेल अशी धरायची, पण हनुवटीखाली दोन बोटं अशी अडकवायची की डोकं हलू नये. आपण घोड्याच्या नि डॉक्टरांच्या मध्ये पळायचं, आणि चाल जरा जास्तच जोरात ठेवायची. त्याआधी पहाटे तासभर फिरवून पाय मोकळा करायचा. दोन वर्षांत चौदा तपासण्या झाल्या. चौदाही वेळा भोंग्यावरून "पास" ऐकू आलं. या कलेत माझा हात धरणारं कुणी नव्हतं आणि मला त्याचा माज होता, उगाच कशाला लपवू.

पंधराव्या वेळी, वर्षातल्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेच्या सकाळी, मी पट्टी सोडली तर पाय गरम लागला. पायामागच्या जाड शिरेवर बोट ठेवल्याबरोबर मास्तरने पाय काढून घेतला. असं त्याने आधी कधीच केलं नव्हतं. सगळ्यात उंच अडथळा माझ्या डोक्याइतका होता, आणि पलीकडे उतरताना सगळा भार याच पायावर येणार होता. शीर तुटली असती तर मास्तर मैदानातून चालत बाहेर आला नसता. मी धावत दादाकडे गेले. तो मागच्या बाजूला उन्हात उभा होता, समोर कॅमेरा होता.

"दादा, पाय गरम आहे."

"बर्फ लाव ना. तू आहेस ना!" तो कॅमेऱ्याकडे बघूनच म्हणाला.

मुलाखत घेणाऱ्या मुलीने विचारलं, "मग, आज मास्तर काय म्हणतोय?"

दादाने डोळे बारीक केले. लिदीच्या ढकलगाड्यांकडे बघत म्हणाला, "तो म्हणतोय, चला!"

माझं टाळकं सरकलं. घोड्याच्या प्रेमाने मी पुढचं केलं असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. खरं कारण ते "चला" होतं.

तपासणीसाठी आखलेल्या पट्ट्यावर मी दोरी खरंच सैल सोडली, हातभर. चालही जोरात ठेवली नाही. मास्तर माझ्या शेजारून डोकं वरखाली करत निघाला, सगळ्या लोकांसमोर. डॉक्टरांनी पुन्हा एकदा पळवायला लावलं. मी पुन्हा तशीच पळाले. भोंग्यावरून "नापास" ऐकू आलं तेव्हा मालकीणबाईंनी काळा चष्मा काढला, दादाचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला आणि मला इतकं बरं वाटलं की लाज वाटली.

तो दात आवळून माझ्याकडे आला. "काय केलंस हे? धरता येत नव्हतं नीट?" पुढचा शब्द बहुतेक शिवीच होता, पण मागून कॅमेरा आला. आणि मग माझ्या भावाने जे केलं ते बघून मी कपाळाला हात लावला. त्याने मास्तरच्या मानेवर हात ठेवला, खोल श्वास घेतला आणि म्हणाला, "पदक महत्त्वाचं नाही. मला काल रात्रीच जाणवलं होतं. मीच म्हटलं, डॉक्टरांना सगळं दिसू दे."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मालकीणबाई रडू लागल्या. "अहो, केवढं मन लागतं याला," त्या शेजारच्या बाईंना सांगत होत्या. दादा हरभऱ्याच्या झाडावर बराच वर चढला होता. तो उतरायच्या आत मी दोरीच्या टोकाकडून ओरडले, "म्हणजे आता मास्तर पुन्हा कधीच उडी मारणार नाही ना, दादा?"

त्याने माझ्याकडे बघितलं. कॅमेराही माझ्याकडे वळला.

"कधीच नाही," तो म्हणाला. "आता त्याने फक्त चरायचं."

"फक्त चरायचं," मालकीणबाई हुंदका देत म्हणाल्या. झालं. महिन्याभरात पाय बरा करून पुन्हा पळवायचा विचार आता कुणालाच करता येणार नव्हता. दादाच्या तोंडून पहिल्यांदाच काही उपयोगाचं निघालं होतं, आणि मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत मास्तरला तबेल्यात घेऊन गेले.

मी बर्फाची पट्टी बांधत होते तेव्हा दादा आला. लाल कोट अंगातच होता. दार लावून तो पाण्याच्या उपड्या बादलीवर बसला. माझी उत्तरं तयार होती. मोजता न येण्यापासून ते पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणापर्यंत सगळं आज काढायचं होतं.

"मुद्दाम केलंस," तो म्हणाला.

"हो."

"कधीपासून दुखतोय?"

"दोन वर्षं झाली."

तो पट्टीकडे वाकला. "दोन वर्षं मी त्याला उड्या मारायला लावल्या?"

"तुला कळायला हवं होतं. तू आणि तो वेगळे नाहीच ना!" हे मी कित्येक दिवस साठवून ठेवलं होतं.

तो चिडला नाही. "मला काही कळत नाही गं," तो म्हणाला. "वर बसलं की मला फक्त भीती वाटते. घोड्याचं काय चाललंय ते कधीच कळलेलं नाही. तू खालून पास करून देतेस, म्हणून मी वर बसतो." मग त्याने मान वर केली. "आज सकाळी म्हणालीस तेवढंच. त्याआधी एकदाही का नाही सांगितलंस?"

कारण मास्तर थांबला असता तर मीही थांबले असते. मग चौदा वेळा भोंग्यावरून माझ्यासाठी कोण "पास" म्हणालं असतं? हे मला त्या क्षणी अगदी स्वच्छ कळलं. माझ्या भावाला मोजता येत नाही म्हणून मी त्याला आयुष्यभर हसले. मी तर सगळं मोजत होते.

"सांग ना," दादा म्हणाला.

मी पट्टी सोडून मास्तरचा पाय पुन्हा हातात घेतला. तो अजून गरमच होता.